न उघडणाऱ्या खिडकीचं म्हणणं

बेळगावात चन्नम्मा सर्कलपासून डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) आणि कोर्टाकडे जाताना लागणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानांत सकाळी अकरानंतर उभं राहायला जागा नसते. कुणाला पीककर्जासाठी पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, हवी, कुणाला वाटणीसाठी जुन्या दस्ताची प्रत, कुणाला मुलाच्या जातीच्या दाखल्याची प्रिंट. अशा दुकानात पीडीएफवर दोनदा क्लिक करावं, बाणाशेजारचं चक्र चार-पाच सेकंद फिरून थांबावं आणि पुढे काहीच होऊ नये, ही मोठी अडचण असते. संगणक चालू आहे, माउस हलतो आहे, फाइल जागेवर दिसते आहे. फक्त खिडकी उघडत नाही. जांबोटीहून आलेल्या माणसाची परतीची बस त्यासाठी थांबत नाही.

जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबंटू ही सिस्टिम घालून चालवणारी दुकानं, शाळा आणि घरं आता बरीच आहेत. चार जीबी मेमरीचं यंत्र त्यावर बरं चालतं, लायसन्सचा खर्च नाही. पण कागद उघडणारा प्रोग्राम असा रुसला की बहुतेक जण थेट ‘फॉरमॅट मारून घेऊ’ या टोकाला जातात. त्याची गरज क्वचित असते. खिडकी उघडली नाही तरी प्रोग्राम मरण्याआधी कारण लिहून गेलेला असतो. ते आपल्याला दिसत नाही, कारण क्लिक करून सुरू केलेल्या प्रोग्रामचं बोलणं पडद्यावर येत नाही.

आणि परक्या लिपीतला कागद वाचणं या भागाला नवं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेल्यानंतर इथल्या घरांतल्या ट्रंकेत तीन प्रकारचे कागद एकत्र आले: पणजोबांच्या वेळचे मोडीतले, आजोबांचे मराठीतले खरेदीखत, आणि त्यानंतरची कन्नडमधली पहाणी. ज्यांना कन्नड वाचता येत नाही तेही उतारा हातात आला की गोंधळत नाहीत. आधी सर्व्हे नंबर आणि हिस्सा बघायचा, मग क्षेत्र किती एकर किती गुंठे, मग खातेदाराचं नाव, मग बोजाचा रकाना. कुठे काय असतं हे डोळ्याला ठाऊक असतं. लिनक्सची चूक दाखवणारी ओळही याच नजरेनं वाचायची. इंग्रजी किती येतं हा प्रश्न दुय्यम आहे. रकाने कळले पाहिजेत.

त्यासाठी पहिलं काम, कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडणं. तिथे प्रोग्रामचं नाव लिहायचं, एक जागा सोडायची आणि फाइल माउसनं ओढून टर्मिनलच्या खिडकीत टाकायची. तिचा पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. ‘आण्णांची पहाणी नवीन’ अशा, मध्ये जागा असलेल्या मराठी नावांच्या फाइलींसाठी ही युक्ती फार उपयोगी आहे, कारण हातानं लिहिताना त्या जागांपाशीच घोटाळा होतो. मग एंटर. आता जे काही बिनसतं ते ओळीनं समोर येतं. इथून पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलला त्या रोमन लिपीत, मधल्या जागा, जोडरेघा आणि तिरक्या रेघा तशाच ठेवून द्यायच्या.

नाव कुठलं लिहायचं? लिनक्सवर कागद उघडणारा प्रोग्राम एकच नसतो. ग्नोम डेस्कटॉपवर बरीच वर्षं एव्हिन्स होता. सप्टेंबर २०२५ मधल्या ग्नोम ४९ पासून त्याची जागा पेपर्सनं घेतली, आणि पेपर्स हा एव्हिन्समधूनच निघालेला आहे. माटे डेस्कटॉपचा अट्रिल हाही एव्हिन्सचाच फाटा, आणि लिनक्स मिंटचा एक्सरीडर हा त्या अट्रिलचा. केडीईवर ओक्युलर असतो. घराणी वेगळी दिसली तरी पीडीएफचं पान पडद्यावर उतरवण्याचं काम या सगळ्यांसाठी पॉप्लर नावाची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामांना लागणारा सामायिक तुकडा, करते. २००५ साली ती एक्सपीडीएफ या जुन्या प्रोग्रामपासून वेगळी निघाली. ही सोयरीक लक्षात असली की निदान सोपं होतं: एक्सरीडर आणि ओक्युलर दोघंही तीच फाइल नाकारत असतील तर संशय फाइलवर किंवा पॉप्लरवर, एकच नाकारत असेल तर त्याच्या स्वतःच्या सामानावर.

आपल्या यंत्रावर पीडीएफ कोणाच्या नावावर आहे हे ‘एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट ॲप्लिकेशन/पीडीएफ’ सांगतं. उत्तर म्हणून शेवटी ‘.डेस्कटॉप’ असलेलं एक नाव येतं. कधी ते अशा प्रोग्रामचं असतं जो कुणी कधीच काढून टाकला आहे. मग क्लिक करून काही होत नाही यात नवल नाही. फाइलवर उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मध्ये नवा प्रोग्राम कायमचा नेमला की काम झालं. टर्मिनलवरून फाइल उघडते आणि क्लिकनं उघडत नाही, असं असेल तर जवळजवळ नेहमी दोष इथेच असतो, प्रोग्राममध्ये नसतो. याचाच एक भाऊ म्हणजे हातानं बनवलेला शॉर्टकट: त्याच्या ‘एक्झेक’ ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि मोठं यू नसेल, तर कधी प्रोग्राम उघडतो पण रिकामाच, फाइल त्याच्या हातात पडत नाही.

आता ओळी. टर्मिनलवर आलेल्या पाच-दहा ओळी बघून घाबरायचं कारण नाही. त्यातल्या बहुतेक इशारे असतात. ‘फेल्ड टू लोड मॉड्यूल कॅनबेरा-जीटीके-मॉड्यूल’ ही ओळ फार जणांना फसवते. ती फक्त एवढंच म्हणते की बटण दाबल्यावरचा आवाज करणारा तुकडा बसवलेला नाही. ‘कुडन्ट कनेक्ट टू ॲक्सेसिबिलिटी बस’ हीदेखील तशीच. पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाशी जोडणी झाली नाही, एवढंच. दोन्ही असताना खिडकी नीट उघडते. ‘वॉर्निंग’ शब्द असलेल्या ओळी बाजूला ठेवायच्या, ‘एरर’ असलेली शोधायची, आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत यायचं. प्रोग्राम मेला तर मरतानाचा शब्द शेवटी असतो.

अशी एक ओळ जवळून बघू. ‘एव्हिन्स: एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबइव्हीडॉक्युमेंट३.सो.४: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. दोन टिंबांनी पाडलेले हे पाच रकाने आहेत. पहिला, बोलतो कोण: एव्हिन्स. दुसरा, तो करत काय होता: लायब्ररी गोळा करत होता, म्हणजे अजून खिडकीपर्यंत आलाच नव्हता. तिसरा सर्व्हे नंबरसारखा, सगळं त्याच्यावर: कुठली लायब्ररी. चौथा, काय जमलं नाही: फाइल उघडणं. पाचवा, का जमलं नाही: फाइलच नाही. तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं की अर्धं काम झालं. लायब्ररीच्या नावातला ‘.सो’ नंतरचा आकडा आवृत्तीचा. डेबियन-उबंटूच्या पद्धतीत हाच आकडा पॅकेजच्या (बसवायच्या गठ्ठ्याच्या) नावात येतो, म्हणून हरवलेल्या फाइलचं पॅकेज लिबइव्हीडॉक्युमेंट३-४ असणार हे शोध न घेताही कळतं.

पाचव्या रकान्यात एक शब्द बदलला तर रोगही बदलतो. ‘नो सच फाइल’ म्हणजे फाइल नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे आहे पण हात लावू देत नाहीत. ‘फाइल टू शॉर्ट’ म्हणजे नाव आहे, आतला मजकूर नाही किंवा अर्धवट आहे. कित्येकदा आकार शून्य असतो. हा तिसरा प्रकार आपल्याकडे ज्या कारणानं होऊ शकतो ते सगळ्यांना पाठ आहे. आषाढात खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला की करंट कधी जाईल सांगता येत नाही. अपडेट चालू असताना करंट गेला आणि यूपीएसची बॅटरी दमलेली असली, तर अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी, काही उलगडलेली पण न बसवलेली, अशी अवस्था राहते. संगणक पुन्हा सुरू होतो, ब्राउझर चालतो, आणि दोन दिवसांनी कळतं की पीडीएफ उघडत नाही.

उपाय ठरलेल्या क्रमानं करायचा. आधी ‘डीएफ -एच’ देऊन डिस्कवर जागा आहे का बघायचं. भरलेल्या डिस्कवर पुढची प्रत्येक दुरुस्ती पुन्हा अर्धवट राहते. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (‘सुडो’ म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या, रूटच्या, अधिकारानं; डीपीकेजी आणि एपीटी ही पॅकेजेस बसवणारी साधनं). यानं उलगडून राहिलेली पॅकेजेस बसतात. मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. यानं एकमेकांवर अवलंबून असलेल्यांची मोडलेली साखळी जुळते. तरीही खिडकी येत नसेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रिइन्स्टॉल’ आणि पुढे एव्हिन्स, लिबइव्हीडॉक्युमेंट३-४, लिबइव्हीव्ह्यू३-३ ही तीन नावं. फक्त एव्हिन्स पुन्हा बसवून भागत नाही, हे इथे महत्त्वाचं: रिइन्स्टॉल दिलेल्या नावालाच लागू होतं, खालच्या लायब्ऱ्यांना आपोआप लागू होत नाही. लायब्ररीची फाइल शून्य आकाराची असली तरी एपीटीच्या हिशेबी ते पॅकेज ‘बसवलेलं’च असतं. कुठल्या पॅकेजच्या फाइली मूळच्या राहिल्या नाहीत हे ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ दाखवतं. काहीच छापलं नाही तर सगळं ठीक.

मध्येच ‘कुड नॉट गेट लॉक’ असं उत्तर आलं तर कुलूप मोडायला जाऊ नका. मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं, दहा मिनिटं थांबलं की ते संपतं. कुलपाची फाइल हातानं पुसून पुढे जाणं हा करंट जाण्याइतकाच वाईट प्रकार आहे.

आणखी एक मोह आवरायचा. प्रोग्राम लायब्ररीची ११८ आवृत्ती मागतो आहे आणि यंत्रावर १३४ आहे, तर १३४ ला ११८ चं नाव देऊन जोडून टाकायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. उबंटू २२.०४ मध्ये पॉप्लरचा आकडा ११८ होता, २४.०४ मध्ये १३४ आहे, म्हणून हे आकडे नेमके याच जागी भेटतात. आकडा बदलतो तो आतली रचना बदलल्यामुळे. खोट्या नावानं जोडलं की ‘नो सच फाइल’ जाऊन ‘अनडिफाइन्ड सिंबल’ येतं, किंवा प्रोग्राम मध्येच कोसळतो, आणि पुढच्या अपडेटला ती खोटी जोडणी आणखी अडते. जुनी आवृत्ती मागणारं पॅकेजच चुकीच्या ठिकाणचं आहे. ते काढून आपल्या आवृत्तीचं घालणं हाच मार्ग. उबंटू २४.०४ वर काही लायब्ऱ्यांच्या पॅकेजनावामागे टी६४ लागलं आहे, जसं लिबपॉप्लर-ग्लिब८टी६४. जुन्या सूचनांतलं नाव तिथे सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आतल्या फाइलचं नाव तेच आहे.

खिडकी उघडते पण पीडीएफ म्हटलं की ‘हा प्रकार चालत नाही’ असं सांगते, हा दुखण्याचा वेगळा थर. एव्हिन्सचा मूळ प्रोग्राम पॉप्लरला थेट हाक मारत नाही. प्रत्येक प्रकारच्या कागदासाठी त्याचा वेगळा जोडतुकडा असतो, पीडीएफचा लिबपीडीएफडॉक्युमेंट.सो, आणि तो एव्हिन्सच्या ‘बॅकएंड्स’ फोल्डरमध्ये राहतो. म्हणून पॉप्लर हरवला असला तरी खिडकी उघडते आणि पीडीएफपाशी येऊन अडते. अशा वेळी ‘एलडीडी’ ही कमांड मूळ प्रोग्रामवर चालवली तर सगळं ठीक दिसतं आणि माणूस चकतो. ती त्या जोडतुकड्यावर चालवायची. जिथे ‘नॉट फाउंड’ लिहिलेलं येतं ती लायब्ररी हरवलेली.

दुसरं मोठं कुटुंब आहे चुकीच्या दारात शिरण्याचं, आणि ते इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर भेटतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात. अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या पीडीएफमध्ये. मुलगा कोड लिहायच्या एडिटरच्या आतल्या टर्मिनलमधून पीडीएफ उघडायला जातो आणि ओळ येते: ‘सिंबल लुकअप एरर’, पुढे ‘/स्नॅप/कोर२०’नं सुरू होणारा पत्ता, आणि ‘अनडिफाइन्ड सिंबल’. इथे पत्त्याचा रकाना वाचायचा. एव्हिन्स एपीटीनं बसवलेला आहे, त्याचं सामान ‘/यूएसआर’खाली, मग तो स्नॅपच्या, म्हणजे प्रोग्राम बसवण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या, घरात काय करतो? एडिटर स्नॅपचा असतो, तो स्वतःसाठी जीटीके_पाथ नावाचं चल, म्हणजे प्रोग्रामनं वाचायची नोंद, बदलून ठेवतो (अशा चलांची नावं सगळी मोठ्या रोमन अक्षरांत लिहायची), आणि त्याच्या टर्मिनलमधून निघालेल्या प्रत्येकाला तो बदललेला पत्ता वारशात मिळतो. दोन वेगळ्या आवृत्त्यांच्या लायब्ऱ्या एका प्रोग्राममध्ये भेटल्या की तो मरतो. साध्या टर्मिनलमधून उघडलं की चालतं. तिथल्या तिथेच हवं असेल तर ‘अनसेट जीटीके_पाथ’ देऊन पुन्हा प्रयत्न करायचा.

हाच खेळ एलडी_लायब्ररी_पाथ या चलानंही होतो. कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या सूचनेनुसार ती ओळ घरच्या ‘.बॅशआरसी’ फाइलमध्ये कायमची लिहिलेली असते. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी ओळ राहते. ॲनाकोंडा हा पायथनचा संच बसवलेल्या यंत्रांवरही पत्त्यात ‘ॲनाकोंडा’ दिसलं तर समजायचं की प्रोग्राम शेजाऱ्याच्या लायब्ऱ्या उचलतो आहे. एलडी_लायब्ररी_पाथ कायमचं लिहून ठेवणं ही वाईट सवय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला लागतं त्याच्यापुरतंच ते द्यावं.

‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ ही ओळ आली तर प्रोग्रामला पडदा सापडलेला नाही. दूरच्या यंत्रावर एसएसएचनं जाऊन उघडत असाल तर ते साहजिक आहे. पण स्वतःच्या यंत्रावर ही ओळ बहुधा ‘सुडो’ लावल्यामुळे येते. फाइल उघडत नाही म्हणून सुडो लावून बघणं ही अगदी पहिली प्रतिक्रिया असते, आणि तिथूनच नवं दुखणं सुरू होतं. कधी सुडो लावल्यावर खिडकी उघडतेही, पण तेवढ्यात रूटच्या नावानं तुमच्या फोल्डरमध्ये काही फाइली तयार होतात. पुढच्या वेळी साध्या युजरनं उघडायला गेलं की ‘डीकॉन्फ’ नावाची तक्रार येते: ‘/रन/युजर/१०००/डीकॉन्फ/युजर’ तयार करता येत नाही, परवानगी नाही. घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली. ‘/रन’मधलं सगळं संगणक बंद केल्यावर पुसलं जातं, म्हणून पुन्हा सुरू केल्यावर तक्रार गेली तर तिथेच मिटलं. राहिली तर ‘एलएस -एलए’ देऊन ‘.कॉन्फिग’ आणि ‘.कॅश’मध्ये रूटच्या मालकीचं काय आहे ते बघायचं आणि ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर’ (आर मोठं) देऊन मालकी परत आपल्या नावावर करायची. कागद वाचणाऱ्या प्रोग्रामला सुडो कधीच लागत नाही. फाइल वाचायची परवानगी नसेल तर ती परवानगी दुरुस्त करायची, वाचणाऱ्याला रूट करायचं नाही.

‘सेटिंग्ज स्कीमा ऑर्ग.ग्नोम.एव्हिन्स इज नॉट इन्स्टॉल्ड’ आणि लगेच ‘ट्रॅप’ म्हणून बंद, हे अर्धवट अपडेटचंच आणखी एक रूप. सेटिंग्जच्या फाइली आलेल्या असतात, त्यांची एकत्रित यादी बनवायची राहिलेली असते. ‘सुडो ग्लिब-कंपाइल-स्कीमाज /यूएसआर/शेअर/ग्लिब-२.०/स्कीमाज’ एवढ्यानं ती बनते.

उबंटूवर एव्हिन्सला ॲपआर्मरचं कुंपण असतं, आणि कुंपणाचं कारण चांगलं आहे. पीडीएफ ही बाहेरून आलेली, कुणीही बनवलेली वस्तू; तिच्यात खोडसाळ काही असलं तरी प्रोग्रामला ठरावीक जागांपलीकडे जाता येऊ नये. अडचण येते ती घर हलवल्यावर. नव्या छोट्या एसएसडीवर सिस्टिम, आणि युजरचं घर जुन्या मोठ्या डिस्कवर ‘/डेटा’मध्ये, अशी मांडणी जुन्या यंत्रांत पुष्कळ असते. ॲपआर्मरला घर ‘/होम’मध्ये असतं एवढंच ठाऊक, ‘/डेटा’ त्याच्या लेखी परकं. मग फाइलवरच्या परवानग्या अगदी बरोबर असूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि माणूस परवानग्या बदलून बदलून थकतो. खरी साक्ष कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदीत असते: ‘सुडो जर्नलसीटीएल -के’ चाळून ‘ॲपआर्मर’ आणि ‘डिनाइड’ हे शब्द शोधायचे. त्या ओळीत प्रोफाइलचं नाव, कुठल्या पत्त्यावर अडवलं आणि काय मागितलं होतं, तिन्ही असतं. ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर ॲपआर्मर’ दिलं की ते घरांच्या जादा जागा विचारतं. तिथे नवा पत्ता, शेवटच्या तिरक्या रेघेसह, लिहायचा. ॲपआर्मर पूर्ण बंद करून टाकणं हा उपाय नव्हे. ज्या यंत्रावर दिवसाला पन्नास अनोळखी पेन ड्राइव्ह लागतात त्यावर तर मुळीच नाही.

पेन ड्राइव्हवरून एक आठवलं: प्रोग्राम स्नॅपचा असेल आणि घरातल्या फाइली उघडतो पण पेन ड्राइव्हवरच्या नाही, तर ‘स्नॅप कनेक्शन्स एव्हिन्स’ देऊन ‘रिमूव्हेबल-मीडिया’ जोडलेलं आहे का बघा. समोर नुसती आडवी रेघ असेल तर ‘सुडो स्नॅप कनेक्ट एव्हिन्स:रिमूव्हेबल-मीडिया’.

पेपर्ससारखे जीटीके ४ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वरचे प्रोग्राम जुन्या ग्राफिक्स चिपवर कधी कोरी किंवा काळी खिडकी दाखवतात. ‘जीएसके_रेंडरर=कैरो’ (पहिला भाग मोठ्या अक्षरांत) हे प्रोग्रामच्या नावाआधी लिहून उघडलं की चित्रं काढण्याचं काम चिपऐवजी प्रोसेसरवर येतं. थोडं संथ होतं, पण पान दिसतं. कारण पक्कं व्हायला एवढं पुरे.

ओळीवरून काहीच उलगडलं नाही, नुसतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आलं, तर संगणकावर एक नवा युजर तयार करून त्यात तीच फाइल उघडून बघा. तीन मिनिटांचं काम, पण याइतकी स्वच्छ वाटणी दुसरी नाही. तिथे उघडलं तर सिस्टिम निरोगी आहे आणि बिघाड तुमच्या घरच्या सेटिंग्जमध्ये, ‘.कॉन्फिग’मधल्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरचं नाव बदलून ठेवायचं, पुसायचं नाही. तिथेही उघडलं नाही तर पॅकेजेसकडे परत जायचं.

आणि फाइलकडेही. दोष प्रोग्रामवर लावण्याआधी ‘फाइल’ ही कमांड त्या कागदावर चालवावी, ती नावाकडे न बघता आतला मजकूर बघून प्रकार सांगते. सरकारी साईटवर लॉगिनची मुदत संपलेली असते, आपण डाउनलोड दाबतो, आणि ‘पहाणी.पीडीएफ’ नावानं जे उतरतं ते असतं ‘पुन्हा लॉगिन करा’ सांगणारं वेबपान. ‘फाइल’ सरळ सांगते: एचटीएमएल डॉक्युमेंट. खरी पीडीएफ टक्क्याच्या चिन्हानं आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी सुरू होते. डाउनलोड अर्धवट तुटलं असेल तर सुरुवात बरोबर असते, शेवट नसतो. मग ‘पीडीएफइन्फो’ म्हणतं की ‘ट्रेलर डिक्शनरी’ सापडत नाही. कुठलं पान फाइलमध्ये कुठे आहे याची यादी पीडीएफच्या शेवटी असते, आणि नेमकी तीच आलेली नसते. ‘क्यूपीडीएफ’नं अशी फाइल नव्यानं लिहून घेतली तर जेवढा मजकूर आला आहे तेवढा कधी वाचतो. पण उतारा पुन्हा डाउनलोड करता येत असेल तर तेच करा. जमिनीच्या कागदाची डागडुजी केलेली प्रत बँकेला देऊ नये.

शेवटचा प्रकार खिडकी उघडल्यानंतरचा आहे, तरी तो याच टेबलावर येतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि त्यांच्या स्मरणिका निघतात. त्यांच्या जुन्या पीडीएफ उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर प्रोग्राम बिघडला असं वाटतं. ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही कमांड त्या फाइलवर चालवा. प्रत्येक फॉन्टपुढे ‘ईएमबी’ नावाचा रकाना येतो. तिथे ‘नो’ असेल तर फॉन्ट फाइलच्या आत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. युनिकोडचे कितीही मराठी फॉन्ट घातले तरी याला उतारा नाही, मूळ फॉन्टच लागतो. तो मिळाला तर घरच्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवून ‘एफसी-कॅश -एफ’ द्यायचं आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. आणि यंदाची स्मरणिका छापखान्यात जाण्याआधी डीटीपी करणाऱ्याकडून पीडीएफ मागून घ्या, ‘पीडीएफफॉन्ट्स’ चालवा, तो रकाना वरपासून खालपर्यंत ‘येस’ आहे ना बघा. एकही ‘नो’ असेल तर फाइल त्याच दिवशी परत पाठवा, त्याच्या यंत्रावर तो फॉन्ट आहे तोवर.